शेवटचा रकाना

नेन्यांना पत्ता विचारायची चूक लोणावळ्यात कुणी दोनदा केली नाही. बाजारातून डाकबंगल्याकडे कसं जायचं, असं एखाद्या पाहुण्याने विचारलं की नेने डाकबंगल्याच्या फाटकापासून सुरुवात करायचे. "तुम्ही फाटकात उभे आहात असं धरा. त्याआधी कुठे असाल? वडापाशी. वडाच्या आधी? मोरीवर. मोरीच्या आधी..." असं करत ते बाजारापर्यंत यायचे, तोवर पाहुण्याने हातातली ट्रंक खाली टेकवलेली असायची. रस्ता अगदी बिनचूक असायचा, फक्त उलटा. मुंबईचा एक गृहस्थ तो तसाच पाठ करून निघाला आणि खंडाळ्याला पोचला. नेन्यांना हे कळलं तेव्हा ते जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "ते झालं. आता खंडाळ्याहून कसं यायचं, ते त्याने विचारायला हवं."

रघुनाथ नेने आणि मी लोणावळ्याजवळच्या एका लष्करी ऑफिसात नोकरीला होतो. ऑफिसचं नाव सांगत नाही. सांगण्यासारखं तिथे फारसं नव्हतं आणि जे होतं ते सांगायची परवानगी नव्हती. साठ सालानंतरचे दिवस. नेने गणित मांडायचे आणि मी हँडलच्या यंत्रावर त्याची आकडेमोड करायचो. गुणाकाराला हँडल पुढे फिरवायचं, भागाकाराला मागे. दिवसभर फिरवून उजवा खांदा असा भरून यायचा की बायको विचारायची, "तुम्ही ऑफिसात जाता का रसवंतीवर?"

नेन्यांचं सगळं आयुष्य एका पद्धतीवर चालायचं. तिला इंग्रजीत डायनॅमिक प्रोग्रॅमिंग म्हणतात. माझ्या मावळी डोक्यात ती शिरली ती अशी: एखादं काम टप्प्याटप्प्याने करायचं असेल, तर विचार शेवटच्या टप्प्यापासून करायचा. शेवटच्या दिवशी हातात अमुक असेल तर काय करावं, तमुक असेल तर काय, हे ठरवून तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात लिहायचं. मग आदल्या दिवसाचा रकाना भरायचा, मग त्याच्याही आदल्या. असं मागे येत आजपर्यंत आलं की आज काय करायचं ते आपोआप कळतं. यातली मेख अशी, की आपण इथवर कसे आलो याला काही किंमत नाही. चुकून आलात, मार खाऊन आलात, दुसऱ्याच्या पापाने आलात, तक्ता विचारत नाही. हातात काय आहे आणि दिवस किती उरलेत, एवढंच तो विचारतो.

"मागचं सोडा, सातकर. हातात काय आहे ते बोला." हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकायचो.

आमचा शिपाई गणपत रोज उशिरा यायचा. नेने त्याला कधी रागावले नाहीत, कारण तो येईपर्यंत उशीर होऊन गेलेला असायचा. "आता आलाच आहात, तर चहा आणा." गणपतला ही सोय फार मानवली. तो पुढे पुढे अकरा वाजता यायला लागला आणि नेन्यांचं मोठं कौतुक सांगायचा की असा साहेब झाला नाही.

घरी नेने एकटे. आठवड्याला पाव किलो चिक्की आणायचे आणि तिचा सात दिवसांचा तक्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचे. कुणी अचानक आलं की दार उघडून बघायचे, "स्थिती बदलली" असं पुटपुटायचे आणि पाहुण्याला वाराप्रमाणे तुकडा मिळायचा. सोमवारी गेलं तर नखाएवढा, रविवारी गेलं तर डब्यात असेल ते सगळं. त्यामुळे आम्ही ऑफिसातले लोक रविवारीच त्यांची विचारपूस करायला जायचो. त्यांची बायको लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेली होती. तिचा विषय कुणी काढलाच, तर "मागचं सोडा" हे वाक्य यायचं, पण जरा हळू यायचं.

अशा माणसाकडे एकदा वरून एक प्रश्न आला. डोंगरातली एक खिंड आहे. तिथे चौकी आहे, चौकीत तीस माणसं. शत्रू रोज चाल करतो. मदत पाचव्या दिवसाअखेर पोचणार. चौकीच्या अधिकाऱ्याने रोज सकाळी ठरवायचं, की आज किती माणसं पुढे घालायची, किती मागे ठेवायची, का चौकी सोडून निघायचं. पाच दिवस खिंड राखली तर शंभर गुण, आधी सोडली तर त्या मानाने कमी.

तीन आठवडे मी ते हँडल फिरवलं. त्या तीस माणसांना मी रोज किती वेळा मारलं असेल, त्याची गणती नाही. दुपारी डबा खाऊन आलो की तीसच्या तीस पुन्हा जिवंत करायची आणि परत सुरुवात. तेव्हा त्याचं काही वाटत नव्हतं. खांदा दुखायचा, एवढंच. तक्ता पुरा झाला तेव्हा नेने त्याच्याकडे नव्या नवरीकडे बघावं तसे बघत बसले. पहिल्या दिवशी थोडी माणसं पुढे, दुसऱ्या दिवशी त्याहून थोडी जास्त, आणि पाचव्या दिवशी असतील तितकी सगळी. त्याचं टिपण झालं, प्रती निघाल्या, वर गेल्या. नव्या अधिकाऱ्यांना ते टिपण शिकवलं जाणार होतं. नेने खुशीत होते आणि त्या खुशीत मी त्यांच्याजवळ एक गोष्ट बोलून गेलो.

माझं आजोळ आंदर मावळात. मामीचं भात दरवर्षी पाऊस लागायच्या आधीच संपायचं. पावसाळ्यात मग नाचणी-वरीवर दिवस काढायचे. मी हे सहज बोललो. नेन्यांचे डोळे चमकले. "सातकर, हा प्रश्न आहे!"

दिवाळी होऊन भाताची झोडणी उरकली होती तेव्हा आम्ही गेलो. कान्ह्याला गाडीतून उतरून टाकव्यापर्यंत जमेल तसे, आणि पुढे पायी. नेने कोट घालून, काखेत कागदांची गुंडाळी. गावात शिरेपर्यंत मागे दहा-बारा माणसं जमली. कुणीतरी सरकारी माणूस आला म्हणून एका म्हाताऱ्याने वाट अडवली.

"सायेब, आमच्या वढ्यावर पूल कवा व्हनार?"

"शेवटी काय हवंय तुम्हाला?" नेन्यांनी विचारलं.

"पूल!"

"पूल झाला असं धरा. त्याच्या आदल्या दिवशी..." मी त्यांना हाताला धरून घरात नेलं.

मामाचा मुलगा धोंडू तेव्हा सुट्टीवर आला होता. पलटणीत जवान होता, पंचवीस-सव्वीसचा. त्याने नेन्यांसाठी कणगी मापून दाखवली. नेने दिवसभर ओसरीवर मांडी घालून तक्ता भरत बसले. माणसं किती, सण कोणते, पाहुणे कधी येतात, म्हशीला पेज कधी लागते, सगळं विचारलं. मामीला ते खातात किती याची काळजी आणि नेन्यांना मामी खाते किती याची. दुपार कलली तेव्हा त्यांनी तक्ता वाचून दाखवला. मार्गशीर्षात इतकं, पौषात इतकं, असं करत ज्येष्ठापर्यंत.

"बघा मावशी, पाऊस लागेपर्यंत रोज भात मिळेल. ज्येष्ठाच्या शेवटी कणगी बरोबर रिकामी. एक दाणा वाया नाही."

मामी कडेला उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "आन पेरायचं काय? तुमचा कागुद?"

धोंडू खो खो हसला. नेने म्हणाले, "पेरणी त्याच्यानंतर येते. प्रश्न ज्येष्ठापर्यंतचा होता."

"तुमचा परश्न संपला आसंल. आमी तितं संपतोय व्हय?" मामीने कणगीमागची मातीने लिंपलेली एक लहान कणगी दाखवली. "ह्ये बियाणं. ह्ये आदी बाजूला काढायचं, मंग खायाला सुरवात करायची. पोरं रडली तरी ह्याला हात लावायचा न्हाई."

नेने बराच वेळ तो तक्ता मांडीवर ठेवून बसले. मामाला वाटलं, साहेबाला राग आला. तो मामीवर डाफरला आणि पेलाभर दूध आणून ठेवलं. ते तसंच राहिलं.

परतताना धोंडू टाकव्यापर्यंत पोचवायला आला. नेन्यांची गुंडाळी त्याच्या खांद्यावर. वाटेत नेने एकदम थांबले.

"सातकर, आपल्या खिंडीच्या तक्त्यात पाचव्या दिवसानंतर काय आहे?"

"काही नाही साहेब. प्रश्न पाच दिवसांचा होता."

"जी माणसं उरतील त्यांच्यापुढे आपण काय लिहिलंय? शेवटच्या रकान्यात?"

मी आठवून सांगितलं, "शून्य."

"म्हणून तक्ता पाचव्या दिवशी सगळ्यांना पुढे घालतो. माणूस उरून त्याला काही मिळतच नाही." ते दोन पावलं चालले आणि पुन्हा थांबले. "गणित बरोबर आहे, सातकर. सगळं गणित बरोबर आहे."

धोंडूला यातलं काय कळलं कोण जाणे. नेन्यांनी त्याला विचारलं, "तुम्ही नोकरी संपल्यावर काय करणार?"

"म्या? वरल्या आंगाला दोन खाचरं काडनार. दगूड लय हायती, पन पानी ऱ्हातं तितं." आणि मग हसत म्हणाला, "सायेब, तुमी कागदावर लिवता त्ये आमास्नी कोन वाचून दावतंय? सायेब म्हनला थांब, मंग थांबायचं. म्हनला ऊठ, मंग उटायचं."

सोमवारी नेन्यांनी टिपण परत मागणारं पत्र लिहिलं. आमच्या कर्नलसाहेबांनी त्यांना बोलावलं. मी तक्ता धरून मागे उभा होतो.

"चूक कुठे आहे?" कर्नलसाहेब म्हणाले. "बेरीज चुकली? गुणाकार चुकला?"

"नाही. उरलेल्या माणसांना आपण किंमत शून्य धरली."

"मग काय धरायची? सांगा."

नेन्यांनी माझ्या हातून तक्ता घेतला आणि ते टेबलाशी परतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकेका माणसाला शंभर गुण दिले. मी हँडल फिरवलं. तक्ता म्हणाला, पहिल्या दिवशी सकाळीच चौकी सोडा. कर्नलसाहेब हसले नाहीत. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनी विचारलं, "नेने, खिंडीच्या खालीही गावं आहेत. तिथल्या माणसांचा रकाना कुठे आहे?" नेने मान खाली घालून परत आले. पन्नास दिले. पुन्हा पहिलीच सकाळ. माणशी दहा दिले, तरी दुसरा दिवस उजाडत नव्हता. शेवटी कर्नलसाहेबांनीच तोडगा काढला. म्हणाले, चौथ्या दिवसाच्या आत चौकी सोडणारा तक्ता मी वर पाठवू शकत नाही. चौथ्या दिवशी निघा असं तक्त्याने म्हणायला तीस माणसांचे मिळून किती धरावे लागतात, ते काढा आणि तेच धरा. म्हणजे उत्तर आधी ठरलं आणि माणसांची किंमत त्यावरून मागे मागे येत काढली. पद्धत नेन्यांचीच होती.

बारा गुण निघाले. नेन्यांनी तो आकडा स्वतःच्या हाताने लिहिला. लिहून झाल्यावर बाहेर जाऊन नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले. गणपतने मला खुणेने विचारलं, काय झालं? मी त्याला चहा आणायला पाठवलं.

दुरुस्तीचं पत्रक वर गेलं. जुन्या प्रती परत मागवल्या. काही आल्या, काही आल्या नाहीत. नेने रोज सकाळी नोंदणीच्या टेबलाशी जाऊन उभे राहायचे. आज आली का? कुठल्या तुकडीकडे गेली होती? कुठल्या टपालाने? मागचं सोडा म्हणणारा हा माणूस आता मागच्याशिवाय दुसरं काही बोलत नव्हता. गणपतला तर त्यांनी एकदा खडसावलंच, "काल अकराला का आलात?" गणपत इतका घाबरला की दुसऱ्या दिवसापासून साडेनऊला यायला लागला. आम्ही हसलो. तेवढंच शेवटचं हसलो म्हणायचं.

कारण पुढे लढाई लागली.

धोंडू गेल्याची तार आली ती मीच आजोळी वाचून दाखवली. मामीने विचारलं, "पुन्यांदा वाच." मी पुन्हा वाचली. महिनाभराने त्याचा एक जोडीदार पाय गमावून गावी आला. तो मामाला म्हणाला, "डोंगरातली चौकी व्हती. पाच दिस धरली. पाचव्या दिशी समदे म्होरं गेलो."

समदे म्होरं गेलो. हे शब्द मी नेन्यांना सांगायला नको होते. पण सांगितले, आणि मुद्दाम सांगितले, कारण मला त्यांचा राग आला होता. माझा मामेभाऊ होता तो. लहानपणी आम्ही एका ताटात जेवलो होतो. पंधरा दिवस मी नेन्यांशी कामाखेरीज बोललो नाही. मग एक दिवस यंत्राच्या हँडलवर हात ठेवला आणि मला माझाच हात दिसला. पाचव्या दिवशी सगळ्यांना पुढे घालणारा तो रकाना मी याच हाताने काढला होता. दुपारचा डबा खाऊन.

कर्नलसाहेबांनी नेन्यांना समजावलं. "तिकडे तुमचा कागद कुणी उघडलासुद्धा नसेल. तिथल्या अधिकाऱ्याने स्वतःच्या डोक्याने ठरवलं असेल. लढाईत असंच होतं."

"असेल," नेने म्हणाले.

"मग?"

"आणि नसेल."

त्या चौकीवर जुनी प्रत पोचली होती, नवं पत्रक पोचलं होतं, की काहीच पोचलं नव्हतं, हे आजतागायत कुणाला ठाऊक नाही. मी माझ्या परीने खूप चौकशी केली.

पुढल्या रविवारी नेने माझ्या दारात उभे. कोट, चप्पल, हातात काही नाही. "मला तुमच्या मामींकडे न्या." मी म्हटलं, "कशाला साहेब? तिला यातलं काही कळायचं नाही, आणि कळलं तर त्याहून वाईट." ते म्हणाले, "तुम्ही नेलं नाहीत तर मी विचारत विचारत जाईन." या माणसाने विचारत विचारत जाणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. मी निघालो.

मामी ओसरीवर तांदूळ निवडत होती. मामा खांबाला टेकून बसला होता. तो हल्ली दिवसभर तसाच बसायचा. नेने खाली मातीत बसले. मामीने घोंगडी टाकली तरी उठले नाहीत. आणि त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्यापासून, सरळ क्रमाने. प्रश्न कसा आला, तक्ता कसा केला, शेवटी शून्य कसं लिहिलं, तुमच्या दारात आल्यावर ते कसं ध्यानात आलं, मग काय केलं. मी मध्ये मध्ये मावळीत उलगडून सांगत होतो. "माझ्या कागदामुळे झालं असेल किंवा झालं नसेल," नेने म्हणाले. "मला ते काढता येत नाही. पण तुम्हाला माहीत असायला हवं."

मामीचे हात सुपात थांबले होते. ती रडेल, शिव्या देईल, आम्हाला हाकलून देईल, असं मला वाटलं. मला ते चाललं असतं. तिने विचारलं, "आदी शून्य लिवलं व्हतं?"

"हो."

"मंग पुसलंत?"

"पुसलं."

"पुसून काय लिवलंत?"

"बारा," नेने म्हणाले. विचारलं की आकडा सांगायचा, ही त्यांची आयुष्यभराची सवय.

"बारा म्हंजी लय का थोडं?"

"शंभरातले बारा. सगळी खिंड शंभर."

मामीने सुपातले तांदूळ बोटाने एका कडेला सारले. मग नेन्यांच्या तोंडाकडे बघत विचारलं, "बारा समद्यास्नी मिळून, का माझ्या एकल्या धोंडूला?"

ते बारा गुण तीस माणसांना मिळून होते. एकाच्या वाट्याला अर्धासुद्धा येत नव्हता. हँडल मी फिरवलं होतं, मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे नेन्यांना ठाऊक होतं.

"एकट्या धोंडूला," नेने म्हणाले.

मामीने मान डोलावली. "मंग लय हाय," म्हणाली. आणि खांबाकडे वळून तिने मामाला जरा मोठ्याने सांगितलं, "आवं, ऐकलं का? आपल्या धोंडूला एकल्याला बारा व्हतं."